राजाच्या गादीची इन्व्हेंटरी

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : डिचोलीहून लिहिते. माझा मुलगा आठ वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला. स्विंडनला असतो, गोदामात कामाला आहे. नुकतंच त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. तो समारंभ आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. त्यानं राजे तिसरे चार्ल्स आणि ‘त्यांचे वारस व उत्तराधिकारी’ यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. माझे सासरे गोवा मुक्तीसाठी तुरुंगात जाऊन आलेले. अजून न जन्मलेल्या वारसांची शपथ माझ्या नातवंडांच्या बापानं घ्यावी, हे मला कसंसंच झालं. चवथीला मुलगा घरी आला आणि वाद पेटला. तो म्हणतो, राजा शोभेचा आहे, त्याच्यामुळे कुणाचं काय बिघडतं? धाकटी मुलगी म्हणते, लोकशाहीत गादी जन्मानं मिळणं हीच लबाडी. त्यावर तो म्हणाला, ‘आपल्या देवळाचं महाजनपण मला जन्मानंच मिळालं ना? तुला नाही मिळालं. ते आधी बघ.’ त्यानंतर कुणी कुणाशी बोललं नाही, नेवऱ्या डब्यात तशाच राहिल्या. लोकशाहीत असा राजा असावा का? आपलं मत हवं.

उत्तर : ताई, नेवऱ्यांचं वाईट वाटलं. तुमच्या मुलाच्या महाजनपणाच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदत्वाच्या, प्रश्नाला टाळता येणार नाही, त्याच्याकडे शेवटी येते.

मी फोंड्याला अडतीस वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी तरी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वाटपाच्या, दाव्यांत गेली. भाटकार (जमीनदार) वारतो. मागे घर, कुळागर (पोफळीची बाग), चार शेतं आणि बारा वारस, त्यातले पाच परदेशात. आपल्या गोव्याच्या कायद्यात बापाला सगळं थोरल्याच्या नावावर करून मोकळं होता येत नाही. त्याच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव, आणि मुलगा-मुलगी सारखेच. वाटता न येणारी वस्तू असली की वारस आपसांत बोली लावतात. जो जास्त बोलेल त्याला वस्तू, बाकीच्यांना पैसे. एका पाटावरवंट्यासाठी दोन सख्ख्या जावा बोली चढवत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे कुणी ‘गादीचा वारस’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे विल्यम आणि हॅरी फोंड्याच्या कोर्टात बाकावर बसलेले दिसतात, आणि कारकून विचारतोय, ‘गादीवर कोण बोलतो?’

गंमत अशी की हा कायदा आपल्याकडे आला तोही राजाच्याच अमलात. १८६७ ची नागरी संहिता, दों लुईश राजाच्या काळातली. गोव्यात ती १८७० पासून लागू झाली. त्याच्या थोडं आधी, १८६३ मध्ये, त्याच राजाच्या कारकिर्दीत पोर्तुगालमधली थोरल्याकडेच अख्खी इस्टेट ठेवण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. अपवाद एकाच घराण्याचा ठेवला, ब्रागांझांचा. म्हणजे राजाच्या स्वतःच्या घराचा. देशभरच्या थोरल्यांना सांगितलं की बाबांनो, भावंडांना वाटा द्या, आणि आपल्या दाराला मात्र आतून कडी घातली. तुमच्या मुलीला ‘लबाडी’ हा शब्द वापरायला आधार हवा असेल तर तो इथे आहे.

पण मी अशिलांना नेहमी सांगायची ते वेगळं. बापाचं कुळागर वारशानं येतं, बापाची सरपंचकी येत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरी एक गोष्ट असते, तिचं नाव मान. तो वारशानं येतो. कायद्यानं आला नाही तरी लोक देतात. आमच्या फोंड्याकडे सोंद्याच्या राजाची गोष्ट म्हातारी माणसं सांगायची. हैदरअलीनं सोंदे घेतलं, राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला, मुलूख पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि राजाला तनखा बांधून मिळाला. राज्य गेलं. फोंड्याजवळ बांदिवड्याला, जिथे तो येऊन राहिला, तिथे मान राहिला. त्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. तुमचा मुलगा जो शोभेचा राजा म्हणतो तो असा.

तरीही ‘कुणाचं काय बिघडतं’ हे मला पुरतं पटत नाही. एका देवस्थानाचा (नाव नको) दावा मी अकरा वर्षं चालवला. पालखीला पहिला खांदा कुठल्या घराचा, एवढाच वाद. दोन्ही घरांनी पेट्या उघडल्या, मोडीतले कागद काढले, वाचणारा माणूस सावंतवाडीहून आणला. एका सुनावणीला एक म्हातारे गृहस्थ ऑक्सिजनची नळी लावून आले होते, खांद्याचा हक्क सांगायला. आणि या अकरा वर्षांत देवस्थानाच्या हिशेबाची वही पाहायला एकानंही मागितली नाही. मीही नाही मागितली, माझ्या अशिलाला नको होती. सगळे पालखीपाशी जागे आणि तिजोरीपाशी झोपलेले.

इंग्लंडात २०१९ मध्ये हेच झालं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला दिला की संसद पाच आठवडे स्थगित करा. अशा सल्ल्याला नाही म्हणायची तिथे रीत नाही, म्हणून राणीनं मान्य केलं. थांबवलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी, २४ सप्टेंबरला, एकमतानं. पालखी राणीची होती, वही जॉन्सन यांच्या हातात. तुमच्या शोभेच्या राजाची खरी किंमत ही आहे: त्याच्या नावानं दुसराच कुणी अधिकार चालवतो आणि लोक मुकुटाकडे बघत राहतात.

तर मग राजा काढला की झालं? ताई, कधी पणजीला आलात तर फोंतैन्याशमधल्या ३१ जानेवारी रस्त्यानं चालत जा, तिथून १८ जून रस्त्यावर या. चालत फार वेळ लागत नाही. पहिलं नाव १८९१ मध्ये पोर्तो शहरात राजाविरुद्ध झालेल्या फसलेल्या उठावाचं. पुढे १९०८ मध्ये लिस्बनच्या चौकात राजा कार्लुश आणि युवराज गोळ्या लागून मेले, १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं. त्या प्रजासत्ताकानं गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीनं वागवलं. माझ्या आजोबांना सरकारी नोकरी मिळाली ती त्यामुळेच, आणि ते मरेपर्यंत पाच ऑक्टोबरला, प्रजासत्ताकाच्या दिवशी, घरी गोड करायला लावायचे. दुसऱ्या रस्त्याचं नाव १९४६ च्या मडगावच्या सभेचं, राममनोहर लोहियांच्या. ती सभा कुणाविरुद्ध होती? त्याच प्रजासत्ताकाविरुद्ध. १९२६ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली, १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि छत्तीस वर्षं हलला नाही. मुकुट नाही, वारस नाही, मूलबाळही नाही. तुमच्या सासऱ्यांना कोठडीत टाकणाऱ्या राज्याच्या कागदांवर मोठ्या अक्षरांत ‘रेपुब्लिका’ छापलेलं असायचं.

राजा असला की हुकूमशहाला जागा मिळत नाही, असं राजाच्या बाजूचे लोक सांगतात. कधी कधी खरं असतं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वेत त्यांच्या बाजूच्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमायला सांगितलं, तेव्हा राजा सातवा हाकोन मंत्रिमंडळाला म्हणाला की तुम्हाला नेमायचंच असेल तर मी गादी सोडतो, माझ्या हातून हे होणार नाही. त्या हाकोनला १९०५ मध्ये नॉर्वेच्या लोकांनी मतदान करून आणलेलं होतं, हे मात्र विसरू नका. दुसरीकडे इटलीच्या राजानं १९२२ मध्ये मुसोलिनीला स्वतः बोलावून सरकार दिलं. लोकांनी १९४६ मध्ये मत देऊन ती गादीच मोडली. निवडून दिलेला माणूस तरी उभा राहतो का? आपल्याकडे २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केलीच. तेव्हा मी कोर्टात नवखी होते. आमच्या सीनियरांनी दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच विचारलं, ‘फाइल कुठली आहे आज?’

माझं मत विचारलंत तर असं. नवीन देश उभारायचा तर त्यात राजा घालू नये. आधीपासून असलेला केवळ तत्त्वासाठी उपटावा असंही मला वाटत नाही. पण त्याला घरी पाठवायची वाट कायद्यात लिहिलेली असली पाहिजे. भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेत ती आहे. राजा ६५ व्या वर्षी पायउतार होतो, आणि घटना मोडली तर संसद ठराव करून शेवटी लोकांचा कौल घेऊ शकते. हे राजानंच मागे लागून करून घेतलं.

आणि एक वाट आतल्या माणसालाही हवी. आपल्याकडे वारसाला नको असेल तर बाप वारल्यावर तो हक्कसोड करतो. मी अशा कितीतरी लिहिल्या, अर्ध्या तासाचं काम. आठव्या एडवर्डला १९३६ मध्ये गादी सोडायची होती तर संसदेला कायदा करावा लागला. बेल्जियममध्ये १९९० साली राजा बोदुआं गर्भपाताच्या कायद्यावर सही करेना, तेव्हा मंत्रिमंडळानं तो राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, स्वतः सही केली आणि एक-दोन दिवसांत संसदेनं त्याला परत समर्थ ठरवलं. किती छान सोय! पण पाळण्यातल्या पोरावर असं ओझं ठेवावं का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचतो. प्रजेवरच्या अन्यायापेक्षाही.

आता महाजनपण. १९३३ च्या नियमानं आपल्या देवस्थानांचे महाजन ठरतात, नावं कॅटलॉगात लिहिली जातात, बहुतेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे. म्हणजे तुमचा मुलगा म्हणाला ते खरं आहे. पण त्यानं शपथ नीट ऐकली नसावी. तिच्या शेवटी ‘कायद्याप्रमाणे’ असे शब्द आहेत. वारस कोण हे तिथे संसद ठरवते. २०१३ मध्ये तिनं कायदा करून मुलगी आधी जन्मली तर गादी तिचीच, धाकटा भाऊ मागून येऊन घेणार नाही, असं ठरवलं. स्वीडननं ते १९८० मध्येच केलं, तेही नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं युवराजपद काढून थोरल्या बहिणीला देऊन. तेव्हा मुलाला सांगा, तू ज्या घराण्याची शपथ घेतलीस त्यांनी मुलीला कॅटलॉगात घेतलं. आपल्या देवळाच्या पुढच्या सभेला तो स्विंडनहून येणार असेल तर हा विषय त्यानंच मांडावा. महाजन तो आहे, बहीण नव्हे. तिला सभेत बोलूच देणार नाहीत.

प्रश्न : काणकोणहून, निवृत्त बँक कर्मचारी. ब्रिटिश राजघराण्यावर होणारा खर्च त्या देशाला परवडतो कसा? राष्ट्रपती स्वस्त नाही का पडणार?

उत्तर : २०२४-२५ साठी सरकारनं राजाला दिलेली रक्कम ८ कोटी ६३ लाख पौंड होती, सुरक्षेचा खर्च वेगळा. पण या हिशेबात पडू नका. राजवाडे काही राजाबरोबर जाणार नाहीत, त्यांचं छप्पर कुणाला तरी शाकारावंच लागेल. पणजीजवळ काबोच्या टोकावर पोर्तुगीज गव्हर्नर राहायचा, आज आपले राज्यपाल राहतात. माळी तेव्हाही होते, आजही आहेत. राजा नको असेल तर तो फुकट मिळाला तरी नको म्हणावं.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे की ‘आपल्याकडे तरी मतदारसंघ वंशपरंपरेनं चालतातच’. चालतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १९७३ मध्ये गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या. १९७७ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि १९८० मध्ये त्यांच्या पक्षाला हरवलं. या दुसऱ्या तारखेसाठीच निवडणुका घ्यायच्या असतात. भाऊसाहेबांवर माझ्या वडिलांची भक्ती होती, तरी १९८० मध्ये त्यांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.

प्रश्न : मी पेडण्याला नववीत आहे. इंग्लंडचा राजा मतदान करतो का? बाईंनी वर्गात विचारलं आणि कुणालाच आलं नाही.

उत्तर : करत नाही, बाळ. प्रथा म्हणून तो मतदानापासून दूर राहतो. आणि आणखी एक सांगते, बाईंना तूच विचार. ब्रिटिश पासपोर्ट राजाच्या नावानं निघतो, म्हणून राजाकडे स्वतःचा पासपोर्टच नसतो. मतदार यादीतलं नाव नाही, पासपोर्ट नाही. आपल्या मामलेदार कचेरीत त्याचं एकही काम झालं नसतं.