द्राक्षबागेत रिजनरेटिव्ह शेती म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही, एकच नाही, आणि द्राक्षात तर हा फरक जास्तच दिसतो. सेंद्रियमध्ये मुख्य भर काय वापरायचं नाही यावर. म्हणजे बाग शंभर टक्के सेंद्रिय असू शकते आणि तरी तणासाठी ओळींमधली जमीन वर्षभर रोटाव्हेटरने पार दळून काढलेली, वर डाऊनीसाठी (पानांवरचा बुरशीचा रोग) बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, चालूच. त्यातलं तांबं कुजत नाही, वरच्या थरात साठत जातं, गांडुळांना ते मानवत नाही. युरोपियन युनियनने २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा घातलीय ती उगाच नाही.

रिजनरेटिव्हमध्ये बघायचं एवढंच की माती सुधारतेय का. वेल वर्षानुवर्षं एकाच जागी, ट्रॅक्टर प्रत्येक फवारणीला त्याच चाकोरीतून, त्यामुळे खरं काम ओळींमधल्या पट्ट्यात आहे. मला विचाराल तर एकच गोष्ट करायची असेल तर तिथली मशागत थांबवा आणि आच्छादन पीक, म्हणजे जमीन झाकून ठेवणारं पीक, घ्या. नत्र हवं तर ताग, धैंचा, पण ते भराभर कुजून जातं, थर टिकवायचा असेल तर सोबत ओट मिसळा, आणि फुलोऱ्यात आलं की कापून किंवा आडवं पाडून तिथेच सोडा. गाडू नका, गाडायचं म्हटलं की पुन्हा रोटाव्हेटर आलाच.

गोची पाण्याची आहे. हे पीकही पाणी पितं, म्हणून सुरुवातीला एकाआड एक ओळ, आणि ताण पडायच्या आधी कापणी. वाईनच्या बागेत वेलीचा जोर थोडा कमी झाला तर चालतं, कधी कधी हवाच असतो, पण खायच्या द्राक्षात मण्याची साईज जाते. छाटणीच्या काड्या जाळण्यापेक्षा बारीक करून ओळीत टाका, फक्त खोडाचा रोग असलेल्या वेलीच्या काड्या बागेबाहेर काढा.

फरक पडतोय का हे बघायला मी माती तपासणीच्या रिपोर्टच्या आधी फावडं घेतो, कारण सेंद्रिय कर्बाचा आकडा हलायला बरीच वर्षं जातात. चाकोरीत वीतभर खणलं तर माती पापुद्र्यांसारखी निघते, मुळं आडवी वळलेली. आच्छादनाखालचं ढेकूळ बोटाने दाबलं की रवाळ फुटतं आणि आत पांढरी बारीक मुळं दिसतात.

आणि गवत खायला मेंढ्या सोडायचा विचार असेल तर आधी फवारणीची वही बघा, तांबं मेंढीला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधतं.