एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओ एकत्र: प्रश्नावली कुणाला द्यावी?

तुमचा प्रश्न असा: एकाच आवारातल्या एमबीबीएस, नर्सिंग आणि फिजिओच्या मुलांना एकत्र शिकण्या-काम करण्याबद्दल काय वाटतं ते मोजायचंय. रिपल्स (RIPLS, वेगवेगळ्या शाखांच्या मुलांची एकत्र शिकायची तयारी मोजणारी प्रश्नावली) वापरू का, आणि शिक्षकांनाही विचारू का?

शिक्षकांना तर आधी विचारा.

रिपल्स चालेल. पार्सेल आणि ब्लाय यांची ही १९९९ ची प्रश्नावली, १९ वाक्यांची. पण ‘टीमवर्क महत्त्वाचं’ याला पहिल्या वर्षाचं कुठलंही पोर ‘पूर्ण सहमत’च म्हणणार. गुण वरच्या टोकाला साचतात, मग एकत्र वर्ग घेऊन पुन्हा मोजलं तरी फरक दिसायला जागा उरत नाही. भूमिका-जबाबदाऱ्यांची शेवटची तीन वाक्यंही आपसात नीट जुळत नाहीत, त्यांच्या वेगळ्या गुणांवर निष्कर्ष बांधू नका. शिक्षकांसाठी वाक्यं बदलावी लागतील, कारण मूळची विद्यार्थ्याच्या तोंडची आहेत.

आता मुद्द्याचं. मुलांचं मत घडतं ते राउंडला. पुढे सर, मागे लेक्चरर, पीजी, इंटर्न, आणि कडेला सिस्टर. रात्रभर पेशंटजवळ तीच होती. तरी लघवी किती झाली हे सर विचारतात इंटर्नला, इंटर्न वळून सिस्टरला विचारतो आणि तिचंच उत्तर सरांना ऐकवतो! २०१९ पासून एमबीबीएसला ॲटकॉममध्ये (वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या अभ्यासक्रमात) संवाद शिकवतात, चांगलंच आहे, पण पोरं उचलतात ते हे. फिजिओवाल्यांचं दुखणं वेगळं: त्यांना रेफरन्स, म्हणजे पेशंट बघायचा निरोप, येतो डिस्चार्जच्या दिवशी.

स्वीडनमध्ये लिंशॉपिंगला १९९६ मध्ये ऑर्थोपेडिक्सचा वॉर्डच मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपीच्या मुलांना मिळून चालवायला दिला, देखरेखीला शिक्षक. आपल्याकडे या शाखांच्या परीक्षा नाशिकचं एकच आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, पण तीन कॉलेजांची टाइमटेबलं जुळवायला प्राचार्यांनाच बसावं लागतं. म्हणूनही म्हणतो, शिक्षकांना सोडू नका.

मतांच्या जोडीला वागण्याचे दोन-तीन प्रश्न घाला. शिक्षकांना: या सत्रात दुसऱ्या शाखेच्या शिक्षकासोबत एक तरी तास घेतलात का? मुलांना: तुमच्या वॉर्डात पोस्टिंगला असलेल्या दुसऱ्या शाखेच्या एका तरी विद्यार्थ्याचं नाव माहीत आहे का?

आणि फॉर्म एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) हातून गोळा करू नका. नाव लिहायचं नसलं तरी पोरं रोल नंबरच्या क्रमानेच परत देतात.