दिसले काय आणि वाटले काय

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात तुझे क्षेत्रकार्य, म्हणजे समाजकार्याच्या अभ्यासक्रमातले प्रत्यक्ष कामाचे शिक्षण, सुरू होत आहे, हे वाचून आनंद झाला. त्यासाठी ठरवून दिलेल्या तासांची पूर्तता कशी करावी, असे तू विचारले आहेस. अमेरिकेच्या समाजकार्य शिक्षण परिषदेने पदवीसाठी किमान ४०० आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ९०० तासांची अट घातली आहे. तुझ्या अभ्यासक्रमाची अट वेगळी असेल. तास भरतातच. मला काळजी वाटते ती तुझ्या नोंदवहीची.

मी शिकत असताना घरी सोडलेल्या एका रुग्णाच्या गृहभेटीनंतर अहवालात लिहिले होते, ‘रुग्ण सहकार्य करत नाहीत, औषधे नियमित घेत नाहीत.’ माझ्या पर्यवेक्षकांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि एवढेच विचारले, ‘हे दिसले की वाटले?’ मी पुन्हा त्या घरी गेले. या वेळी औषधांच्या पाकिटांवरच्या सूचना मी त्यांना वाचून दाखवायला सांगितल्या. ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर,’ त्यांनी नीट वाचले. मग मी जेवणाच्या वेळा विचारल्या. ते रात्रपाळीला जात, दिवसा झोपत आणि दोनदाच जेवत. म्हणून गोळ्याही दोनच घेत. ज्याला मी असहकार म्हटले होते, ते सूचनेचे तंतोतंत पालन होते. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते, कारण ते तसेच केस पेपरवर गेले असते, तर पुढच्या प्रत्येकाने त्या माणसाकडे त्याच नजरेने पाहिले असते.

म्हणून पानाच्या मधोमध उभी रेघ आख. डावीकडे फक्त पाहिलेले आणि ऐकलेले लिही, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत. तुझे अंदाज, राग, दया, सगळे उजवीकडे. हे त्याच दिवशी लिही, कारण रात्र उलटली की दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात. नोंदवहीत नाव, पत्ता लिहू नकोस, खूण पुरेशी आहे.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ साली समाजसेवेचे काम सुरू केले, तेही याच अडचणीतून: रुग्ण कोठे राहतो, काय काम करतो, काय खातो, हे ठाऊक नसताना दिलेला सल्ला घरी पोचल्यावर निरुपयोगी ठरतो, हे त्यांना दिसत होते. पुढे तिथल्याच समाजसेविका आयडा कॅनन यांनी तो विभाग वाढवला. परिचर्या किंवा वैद्यक शिकणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग. खाटेशेजारी उभे राहून जे समजत नाही, ते कित्येकदा घराच्या उंबरठ्यावर समजते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक विद्यार्थी विसरतात. आपण विद्यार्थिनी आहोत आणि अमुक महिन्यापर्यंतच येणार आहोत, हे पहिल्या भेटीतच सांग. जिव्हाळा जडल्यावर अचानक निघून जाणे लोकांना फार लागते.

पर्यवेक्षकांबरोबरच्या साप्ताहिक चर्चेला डावा रकाना आधी वाचून दाखव. उजव्या रकान्यातले जे वाचायला संकोच वाटेल, तेही लपवू नकोस. चर्चेचा वेळ त्यासाठीच असतो. पहिल्या आठवड्याची दोन पाने, ओळख पुसून, मलाही पाठव. मी वाट पाहते.

तुझी हितचिंतक