भांग उतरवायला कडक कॉफी दिली, धडधड वाढली : माझं उत्तर

तुमची पोस्ट दुसऱ्या वाक्यालाच ओळखीची वाटली. शिमग्याची पालखी, थंडाईतून भांग, तासाभरात चुलतभाऊ गुंगायला लागला, घरातल्या कुणीतरी 'उतरेल' म्हणून बिनदुधाची कडक कॉफी दोन मग पाजली, आणि खरी धडधड त्यानंतर सुरू झाली. आता दोन दिवस झाले, त्याचे हात थरथरतात, त्याला झोप नाही, आणि तुम्ही विचारताय की हृदयाचं काही आहे का.

कॉफी पाजायची ही चूक माझ्याही हातून झालेली आहे आणि मला सगळ्यात महागात पडली ती हीच. कहाणी सांगत बसत नाही. ती चूक का, एवढंच सांगतो. आधीच स्पष्ट करतो, मी डॉक्टर नाही. गांजा म्हणजे काय, भांग म्हणजे काय, कायदा काय म्हणतो हेही सोडून देतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांगसुद्धा बेकायदा आहे, 'प्रसाद आहे' म्हटल्याने त्यात फरक पडत नाही, एवढं पुरे.

घड्याळ लावून बघा. ओढलेला गांजा पाच-दहा मिनिटांत कळसाला जातो आणि दोन-चार तासांत ओसरतो. प्यायलेल्या भांगेचं तसं नाही. ती आतड्यातून यकृतात जाते, तिथे टीएचसीचं, म्हणजे भांगेतल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचं, ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि ते मेंदूत जास्त सहज शिरतं. चढायलाच अर्धा ते दोन तास लागतात, कळस दोन ते चार तासांनी, आणि एकूण अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. आता कॉफी. ती रक्तात कळसाला जाते अर्ध्या ते एक तासात. म्हणजे आठ वाजता थंडाई आणि साडेनऊला कॉफी दिली, तर कॉफीचा कळस दहा-साडेदहाला, नेमका भांग वर चढत असताना. उधाणाच्या भरतीला वाराही मागून मिळावा तसं.

कॉफीने भांग उतरत का नाही? कारण दोघांची कामाची जागाच वेगळी. टीएचसी कॅनाबिनॉइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या एका जागेवर, बसतं. कॅफीन अडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं, म्हणजे दिवसभर साठलेल्या थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. टीएचसीला ते हातही लावत नाही. गुंगी तेवढी कमी होते, नशा तशीच राहते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर टीएचसीने आलेला विसरभोळेपणा कॅफीनने कमी न होता वाढलेला दिसला आहे. माणसांच्या बाबतीत मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही, पण जो झोपून गेला असता तो आता टक्क जागा राहून स्वतःचे ठोके मोजत बसतो, हे खरं. आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून दुचाकीची किल्ली उचलतो. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

हृदयाचं गणित साधं आहे. टीएचसीने एकट्यानेच नाडी वीस-तीस ठोक्यांनी वाढते, नवख्या माणसात त्याहून जास्त, आणि उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम पडू शकतो. कॅफीन अॅड्रेनलिन वाढवतं. धडधड, घाम, घाबरं होणं या सगळ्यात दोघं एकाच बाजूला ढकलतात. त्यात आपला मार्च. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, पालखी नाचवून पाणी आधीच कमी झालेलं. म्हणून 'जरा अंगणात फिरवून आणा' हा सल्लाही चुकीचा. उभा केला की डोळ्यापुढे अंधारी येते आणि चिऱ्याच्या पायरीवर डोकं आपटतं.

मग करायचं काय, तर फार काही नाही. सावलीत पंख्याखाली आडवं करा, गुंगी असेल तर डाव्या कुशीवर. पूर्ण जागा असेल तरच घोट घोट पाणी, कोकम सरबत किंवा कोमट पेज. एकाने शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहावं. नाडी तीस सेकंद मोजून दुप्पट करा आणि वेळेसकट कागदावर लिहा. लिंबू, लोणचं याने भांग उतरत नाही. शुद्धीतल्याने चाखलं तर बिघडतही नाही, पण गुंगलेल्याच्या तोंडात काही कोंबू नका, श्वासनलिकेत जाईल. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं तर पूर्ण बंद. जास्त मिठाने रक्तातलं सोडियम चढून माणूस दगावू शकतो. वडिलांची बीपीची गोळी 'धडधड थांबेल' म्हणून देऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दमेकऱ्याला धोक्याच्या असतात.

आता एक खूण, जी फार कमी लोकांना माहीत असते. भांगेच्या गोळीत कधी धोतरा मिसळलेला असतो. नुसत्या भांगेत डोळे लाल होतात, तोंड सुकतं, पण माणूस घामेजलेला असतो आणि विचारलं तर उशिरा का होईना उत्तर देतो. धोतऱ्यात अंग तापलेलं आणि कोरडं, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, बडबड असंबद्ध, हवेतलं काहीतरी पकडतोय असा. आपल्या हवेत सगळ्यांचे सदरे भिजलेले असताना याचीच कातडी कोरडी आणि गरम लागली, तर वाट बघू नका, १०८ लावा. तसंच छातीत दुखणं, बेशुद्धी, झटका, ठोके अनियमित, किंवा आडवं पडूनही नाडी बराच वेळ १२०-१३० च्या वर. लहान मुलाने चुकून घोट घेतला असेल तर लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय.

आणि तिथे गेल्यावर खरं सांगा. काय, किती ग्लास, किती वाजता, वर कॉफी किती. इथे माझी थोडी चिडचिड सहन करा. माझी ज्या अपघात विभागाशी गाठ पडली तिथे नाडीला हात लावायच्या आधी 'पोलीस केस होईल, चालेल का?' हा प्रश्न आला, आणि शेवटी कागदावर लिहिलं 'गॅस'. अशा वागण्यानेच लोक पुढच्या वेळी भांग लपवतात आणि डॉक्टर अंधारात राहतो. नोंद करायची तर करा, पण उपचार आधी. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलंय की पोलिसी सोपस्कारांसाठी तातडीचा उपचार अडवता येत नाही. दाराशी वाद घालू नका, हे एक वाक्य शांतपणे म्हणा.

आता भावाच्या या दोन दिवसांबद्दल. भांगेचा अंमल एव्हाना जायला हवा, जरा सुस्ती राहू शकते. म्हणून अजून धडधड असेल तर मी आधी तो दिवसभरात किती चहा-कॉफी घेतो ते मोजलं असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. झोप नाही म्हणून चहा, चहामुळे झोप नाही, असं चक्र सुरू झालं असेल तर धडधड त्याचीच असू शकते. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास जातात. संध्याकाळी सहाच्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकिटामागे वाचा.

अजून दोन गोष्टी विचारून घ्या. एक, या भानगडीनंतर घाबरून त्याने सिगारेट किंवा बिडी एकदम सोडली का? धुरामुळे यकृतातलं कॅफीन मोडणारं एन्झाइम जोरात चाललेलं असतं. धूर थांबला की ते मंदावतं, आणि रोजचेच सहा कप अंगावर यायला लागतात. दोन, जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा दम्यासाठी थिओफिलिन चालू आहे का? पहिलं कॅफीन रक्तात साठवून ठेवतं, दुसरं कॅफीनचंच भावंड, धडधड वाढवणारं. 'सीबीडी तेल' (भांगेच्याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) घेत असेल तर तेही कॅफीन मोडणं बरंच मंदावतं. नशा नसलेलं म्हणून ते निरुपद्रवी, ही जाहिरातवाल्यांची समजूत.

चहा एका दिवसात तोडू नका, पुढचे दोन-तीन दिवस डोकं ठणकेल आणि घरात पुन्हा घबराट. दुपारी दोननंतरचे कप आधी काढा, मग तीन-चार दिवसांनी एक एक. तो रोज गांजा ओढणारा असेल आणि तेही सोडत असेल तर दोन्ही एकाच आठवड्यात नको. गांजा सोडल्यावरची चिडचिड, विचित्र स्वप्नं, तुटक झोप दोनेक आठवडे चालते, त्यात कॅफीनची डोकेदुखी मिसळली की कशामुळे काय होतंय हेच कळत नाही. मदत लागली तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.

एवढं करूनही धडधड राहिली तर एकदा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्याच. ज्याची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते अशा माणसाला ही सगळी लक्षणं भांगेशिवायही होतात. ईसीजी निघाला की लगेच मोबाइलवर फोटो काढा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो, आपल्या दमट हवेत हळूहळू पुसट होत जातो.