कवायत कुठे, मर्दानी खेळ कुठे

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सिंधुदुर्गावर शिवकाळातला पहारा उभा करायचा तुमच्या मंडळाचा आराखडा वाचला. सगळ्यात जास्त वेळ कवायतीला दिलाय: बारा जण पावलाला पाऊल जुळवत येणार, बंदुका हवेत फेकून झेलणार, मग तटाच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, चौघांचा दांडपट्टा. टाळ्या पडतील. पण महाराजांची माणसं अशीच लढायची, ही समजूत घेऊन लोक मालवणच्या होडीत बसतील, आणि ते मला मान्य नाही.

पावलं जुळवणं आधी काढा. पलटणीची कवायत आपल्याकडे रुजली अठराव्या शतकात. इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर कवायती पायदळ घेऊन उतरला. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याकडून पलटणी उभ्या करून घेतल्या त्या आणखी वीसेक वर्षांनी. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ चा. पुढे कधी गारद्यांचा, म्हणजे अशा कवायती पायदळाचा, प्रसंग केलात तर हीच कवायत जितकी काटेकोर तितकी चांगली.

आता बंदूक. कोकणातल्या हेटकरी शिपायांचं नाव होतं ते नेमबाजीसाठी, म्हणून तुमच्या पोरांनी भरणं आणि नेम धरणं दाखवावं. तोड्याच्या, म्हणजे धुमसत्या वातीच्या, बंदुकीची कृती नीट केली तर लोक श्वास रोखून बघतात. तोडा डाव्या हातात, दारूपासून लांब. नळीत दारू, मग गोळी, गजानं ठासायचं. कानात, म्हणजे नळीशेजारच्या छोट्या वाटीत, रंजक (पेटवणीची बारीक दारू) घालून झाकण बंद. बाहेर सांडलेले कण फुंकून टाकायचे आणि मगच तोडा चिमट्यात अडकवायचा. त्याच्या टोकावरची राख फुंकायची, नेम धरायचा, झाकण सरकवायचं. क्रम चुकला, तोडा आधी अडकवला, तर खऱ्या लढाईत दारू हातातच पेटली असती. म्हणून तालमीत हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत घोटून घ्या. आपल्या खाऱ्या हवेत दारू सर्दावते. ओलसर रंजक नुसती फुसफुसते, बार होत नाही. तेव्हा एक पहारेकरी मधूनच झाकण उघडून रंजक बदलतोय, एवढं दाखवलंत तरी जाणकार माणूस तिथेच थांबेल. हे सगळं दारू आणि विस्तव न वापरता करायचं.

दांडपट्टा टाकून देऊ नकोस. ती विद्या आखाड्यांनी जपली म्हणून आज आपल्यापर्यंत आली आहे. फक्त पहाऱ्याचा प्रसंग संपल्यावर, 'आता मर्दानी खेळ' असं स्पष्ट सांगून, खालच्या मोकळ्या जागेत कर. खोबळ्यामुळे, म्हणजे हात झाकणाऱ्या पोलादी मुठीमुळे, मनगट वळत नाही, त्यामुळे घाव खांद्यातून आणि कमरेतून येतो आणि मध्येच आवरणं अवघड जातं. पातं साडेतीन फुटांचं धरलं तर हातासह सहा फूट त्रिज्येचं वर्तुळ होतं. दोघांत पंधरा फूट, प्रेक्षकांपासून वीस फूट, मध्ये दोर. फांजीवर एवढी जागा मिळायची नाही, आणि गर्दीच्या पहाऱ्यात कोणी शहाणा तिथे पट्टा फिरवलाही नसता. धार मोडलेली, टोक गोल हवं. पातं जिथे खोबळ्याला जोडलंय तिथले रिबिट दर तालमीआधी हलवून बघा, किनाऱ्यावर ते आतून गंजतात. माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवून कापणं मात्र पूर्ण बंद. लिंबू खुंटावर ठेवा.

मोकळ्या झालेल्या वेळात संध्याकाळी दरवाजा बंद करण्याचा प्रसंग घ्या. किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात, हजेरीची वही सबनिसाकडे, कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. तीन अधिकारी, तीन कामं, एकाच्या हाती सगळा गड नाही. हे मला दहा पट्ट्यांहून मोलाचं वाटतं, आणि त्याला संवादही फारसे लागत नाहीत.

किल्ला संरक्षित स्मारक आहे, तेव्हा पुरातत्त्व खात्याचा अर्ज आधी भर. ९ इंचांहून लांब पात्याला शस्त्र कायदा लागतो, म्हणून मालवण पोलिसांशीही बोलून ठेव. सुधारलेला आराखडा पाठव, वेळा घालून.