उदाहरणवाक्यात आडनाव घालताना

शब्दकोशात आडनावाच्या नोंदीला ‘हे जोशी आहेत’ एवढंच वाक्य देऊन थांबू नका. आडनाव चालतं कसं, हे त्यातून कळत नाही. दुसरं वाक्य विभक्तीचं हवंच. ‘पाटील’चं ‘पाटलांनी’ होतं, ‘टी’तली दीर्घ ई गळते, ‘पाटीलांनी’ ही नेहमीची चूक. एकारान्तात, म्हणजे ‘गोखले’, ‘फडके’ अशा ‘ए’ने संपणाऱ्या आडनावांत, ‘गोखल्यांचा’, ‘फडक्यांना’ ही मुरलेली रूपं. ‘गोखलेंचा’ आता सर्रास दिसतं, तेही नोंदवा, पण पहिला मान जुन्या रूपालाच द्या. ‘आगरकरांनी’त काहीच अडत नाही. क्रियापदही तपासा: ‘कुलकर्णी आले’ म्हटलं की पुरुष, ‘कुलकर्णी आल्या’ म्हटलं की बाई. बायकांची वाक्यं हटकून राहून जातात, म्हणून ती आधी लिहा: ‘कुलकर्णीबाईंनी सही केली.’