अळ्यांना मारणारी बुरशी मुळात आली कुठनं?
सोयाबीनवर पांढऱ्या पडून कडक झालेल्या अळ्या दिसतात, ती बुरशी किडे खायला कुठनं शिकली असं विचारलंय तुम्ही. आमच्या निपाणी-चिकोडीकडं पावसानं झड धरली की हे दिसतंय बघा, अळी शेंड्याला चिकटून मरते, आधी पांढरी, मग अंगावर हिरवट भुकटी, ती भुकटी म्हणजेच बीजाणू, वाऱ्यानं पुढच्या अळीवर. उसातल्या हुमणी अळीला आपण मेटारायझियम नावाची बुरशी टाकतो ते हिचंच भावंड. जनुकं तपासल्यावर कळलं की मेटारायझियमचे जवळचे नातेवाईक झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशा हायत, म्हणजे ती झाडाकडनं किड्यांकडं वळली असावी, आणि मेटारायझियम अजून झाडाच्या मुळाशी राहतंय, मारलेल्या किड्यातला नायट्रोजन झाडाला देतंय आणि बदल्यात साखर घेतंय, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. मुंग्यांना पानाला चावायला लावणारी ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी वेगळ्या वाटेनं आली, तिचे पूर्वज कुजक्या लाकडातल्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर जगायचे, तिथंच मुंग्या पण राहायच्या, तिथनं ती मुंग्यांवर गेली असं मानतात. जर्मनीत मेसेलला ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या पानाच्या जीवाश्मावर तसल्याच चाव्याच्या खुणा सापडल्यात. आणि हो, सोयाबीनवर अशा अळ्या दिसल्या तर उगंच बुरशीनाशक मारू नका, ही पण मरते त्यात.